खिडकीतलं पत्र आणि दारातलं पत्र

तीर्थरूप मामांना,
त्यांच्या सगळ्यात आगाऊ भाचीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा चष्मा बदलून झाला का? गेले तीन रविवार तुमचा फोन नाही, त्यावरून दोघांचीही प्रकृती ठणठणीत असून तुम्ही कुठल्या तरी कामात गढलेले आहात, असा सोयीस्कर अर्थ मी काढला आहे. इकडे आम्ही सगळे मजेत. मामींनी विणून पाठवलेला स्वेटर मिळाला. रंग फार उठावदार आहे आणि बाह्या भरपूर लांब असल्यामुळे हातमोजे वेगळे घ्यावे लागत नाहीत. पत्राला कारण आहे, पण ते आधीच सांगून टाकलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही. तेव्हा सावकाश येते. तुम्ही चहा घेऊन बसा, गुडघा समोरच्या खुर्चीवर ठेवा आणि मध्ये मध्ये चुका काढू नका.

आमचं ऑफिस तुम्ही पाहिलंच आहे. पाचवा मजला, एक लांबट खोली, एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला दार आणि दाराशेजारी साहेबांची काचेची केबिन. लिफ्ट दुरुस्तीची कंपनी म्हटल्यावर लोकांना वाटतं आम्ही दिवसभर पाने-पक्कड घेऊन वर-खाली करत असू. ते काम मेकॅनिकांचं. ऑफिसात आमचं मुख्य उत्पादन म्हणजे दिलगिरी. लिफ्ट बंद पडते, लोक चिडून पत्र लिहितात आणि आम्ही त्यांना कळवतो की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. ही दिलगिरी तेहतीस वर्षं एकच माणूस तयार करतो आहे, तो म्हणजे आमचे नम्रकाका. (त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर आहे. ते कोणी हाक मारायला वापरत नाही.) थोरल्या साहेबांच्या वेळी ते टायपिस्ट म्हणून लागले, थोरले गेले, टाइपरायटर गेला, काका राहिले. त्यांचं पत्र वाचल्यावर तक्रार करणाऱ्यालाच वाटतं की आपण उगाच लिफ्टमध्ये शिरलो.

तर दोन-अडीच महिन्यांपूर्वी धाकट्या साहेबांना काटकसरीचा झटका आला. तसे ते मनाने वाईट नाहीत, पण कुठल्याशा चर्चासत्राला जाऊन आले की आठवडाभर त्यांच्या अंगात वारं असतं. त्यांनी खर्चकपातीचा एक कागद काढला. त्यात पहिलं कलम वीज, दुसरं चहा आणि तिसरं काका. हल्ली पत्रं कोणीही लिहितं, त्याला वेगळा माणूस कशाला, असं त्यांचं म्हणणं. हा कागदही त्यांनी टाइप करायला काकांकडेच दिला! काकांनी तो टाइप केला, स्वतःचं नाव असलेली ओळ दोन्हीकडून अंतर सारखं ठेवून नीट बसवली आणि सहीला पाठवून दिला. मी तशीच केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, साहेब, माणूस कमी करण्याआधी ते सॉफ्टवेअरचं दर वर्षी वाढणारं भाडं कमी करून बघू. माझे मामा या विषयातले जाणकार आहेत. (मी जाणकार म्हणाले. मनात वेगळा शब्द होता, पण तोही प्रेमाचाच.) साहेबांनी विचार करून अट घातली. दोन महिने फुकटचं सॉफ्टवेअर वापरून पाहायचं. तेवढ्यात आमच्या पत्रांबद्दल एकाही ग्राहकाची लेखी तक्रार आली नाही तर भाडं बंद आणि काका राहतील. एक जरी आली तरी सॉफ्टवेअरही जाईल आणि काकाही.

मग तुम्ही आलात. नात्यात एकही संगणक तुमच्या तावडीतून सुटलेला नाही हे मला माहीत होतं, पण कामावर असलेले तुम्ही मी प्रथमच पाहिले. पाच मजले चढून आलात, पाणीसुद्धा न पिता तिन्ही संगणकांना भिडलात आणि आम्हाला अर्धा तास भाषण दिलंत की याला फुकट म्हणायचं नाही, मुक्त म्हणायचं, जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून हे बनवतात आणि कुणाकडून काही न घेता वाटून टाकतात. काका भारावून गेले. त्यांनी मला हळूच विचारलं की एवढ्या सगळ्यांना आभाराचं पत्र पाठवायचं तर पत्ता काय लिहायचा. तुम्ही संगणकांना नावं दिलीत, 'खिडकी', 'दार' आणि 'साहेब'. कोणी काय बदललं ते शिकताना कळावं म्हणून बदलांची नोंद सुरू करून दिलीत. त्याबरोबर आमच्या पत्राची रांगोळी झाली. नवं लिहावं तर वेगळ्याच रंगात, पुसावं तर पुसलेलं जागच्या जागी आणि त्यावर आडवी रेघ. काका घाबरून दोन पावलं मागे सरकले. मी म्हटलं, मामा, हे रंग घालवा आधी. तोवर तुमचा एक पाय बुटात गेला होता. तुम्ही तिथूनच कुठलं बटण दाबायचं ते सांगितलंत, मी दाबलं, रंग गेले, पान पांढरंशुभ्र झालं. निघता निघता तुम्ही आणखी काहीतरी म्हणालात, पण नेमका तेव्हाच बाहेर लिफ्टचा खडखडाट चालला होता, त्यामुळे मला ते ऐकू आलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आमच्या ऑफिसच्या दोन सवयी सांगते, म्हणजे तुम्हाला अनर्थाचा अंदाज येईल. पहिली सवय अशी की आमच्याकडे कोरं पान कोणी उघडतच नाही. एकच मूळ पत्र आहे. ते उघडायचं, जुना मजकूर पुसायचा, नवा लिहायचा, पाठवून द्यायचा. पुढचं पत्रही त्याच फाइलवर. वरचा पत्ता, खालची सही, समास सगळं आयतं मिळतं, शिवाय थोरल्या साहेबांच्या काळापासूनचा नमुना असल्यामुळे त्याला हात लावणं अपशकुनी वाटतं. दुसरी सवय खास काकांची. काका जन्मतः नम्र नाहीत, मामा. ते मेहनतीने नम्र होतात. तक्रार आली की ते आधी खिडकीतल्या खुर्चीवर बसतात आणि मनात असेल ते सगळं सडेतोड टाइप करतात. मग उठतात, खोलीची लांबी चालून येतात, चहा घेतात आणि दाराजवळच्या संगणकावर बसून तेच पत्र उघडतात, खिडकीतलं सगळं पुसतात आणि त्या जागी दिलगिरी लिहितात. टाइपरायटर होता तेव्हाही असंच होतं म्हणे, फक्त तेव्हा खिडकीतला कागद फाडून टाकत. राग खिडकीत, सही दारात, असा त्यांचा नियमच आहे.

तुमच्या तल्लख डोक्यात एव्हाना प्रकाश पडला असेल. आमच्या पडद्यावर आठ ओळींचं सोज्वळ पत्र दिसत होतं. पत्र ज्यांना मिळत होतं त्यांच्या पडद्यावर मात्र खिडकीतलं आणि दारातलं दोन्ही दिसत होतं, रंगीत, रेघेसकट. आणि फाइल एकच असल्यामुळे प्रत्येकाला आधीच्या सगळ्यांचंही दिसत होतं! चौथ्या मजल्यावर दवाखाना असलेल्या एका दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की लिफ्ट फार थरथरते. काकांनी त्यांना कळवलं की आपल्या सूक्ष्म निरीक्षणाबद्दल आम्ही ऋणी आहोत. खाली रेघ मारलेलं होतं की डॉक्टर, लिफ्ट ठणठणीत आहे, थरथरतात ते तुमचे पेशंट, आणि आत जाताना थरथरतात त्यापेक्षा बाहेर पडताना जास्त. एका मोठ्या इमारतीच्या सेक्रेटरीबाई दर आठवड्याला लिहीत की लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकते. त्यांना दिलगिरीच्या खाली हे मिळालं की बाई, ती अडकत नाही, अडकवली जाते. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश लिफ्टच्या दारात स्टूल ठेवून आत चष्मा आणायला जातात आणि तिथेच झोपी जातात, हे आमच्या मेकॅनिकने चार वेळा पाहिलं आहे. शिवाय बाईंना डॉक्टरांचं थरथरणंही वाचायला मिळालं, आणि त्या त्यांच्याच पेशंट निघाल्या.

सहा आठवडे हे असं चाललं होतं आणि आम्हाला पत्ता नाही. उलट तक्रारी एकदम कमी झाल्या म्हणून साहेब खुशीत होते. मुदतीला नऊ दिवस राहिले असताना सेक्रेटरीबाई पाच मजले चढून स्वतः हजर झाल्या. हातात छापलेलं एकोणीस पानांचं बाड. मी म्हटलं संपलं सगळं. पण बाई आल्या होत्या त्या स्टूल जप्त केल्याचं सांगायला. इमारतीच्या सभेत त्यांनी ते बाड पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, न्यायाधीशांनी उभं राहून गुन्हा कबूल केला आणि तेव्हापासून लिफ्ट एकदाही अडकलेली नाही. वाचन इतकं रंगलं की लोक पुढचं पत्र कधी येणार विचारताहेत, असं त्या म्हणाल्या. मला हसावं की रडावं कळेना. पण त्याच दुपारी डॉक्टरांचं पत्र आलं, नोंदणीकृत टपालाने, आणि त्यात विनोदाचा मागमूस नव्हता. लेखी तक्रार आली होती.

साहेबांनी बाड मागवून घेतलं. मी काचेतून बघत होते. डॉक्टरांपाशी ते किंचित हसले, न्यायाधीशांपाशी चांगलेच हसले, आणि मग बाराव्या पानावर त्यांचे कान लाल झाले. बाराव्या पानावर काकांचा पंख्याचा अर्ज होता. वरती, आपल्या सोयीनुसार खिडकीजवळ एक पंखा मिळाल्यास उपकृत होईन. खाली, अरे, तुला बाराखडी मी शिकवली, माझ्या मांडीवर बसून तू टाइपरायटरच्या कळा मोडल्यास, आणि आता एका पंख्यासाठी मी तुला अर्ज करायचा? साहेबांनी बाड मिटलं आणि मला एवढंच म्हणाले की एक तक्रार ठरली होती ना, मग झालं.

त्यानंतर मी जिन्यात जाऊन तुम्हाला फोन केला. जे बोलले ते तुम्हाला आठवत असेल. मला तर शब्द न् शब्द आठवतो. तुमचं सॉफ्टवेअर फुकट आणि तुमचे सल्लेही फुकट, त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी गेली, असं मी म्हणाले. तुम्ही फक्त, वर 'बदल' लिहिलंय तिथे जा आणि 'दाखवा' दाब, एवढं सांगून फोन ठेवलात. मी जाऊन काकांच्या दोन्ही संगणकांवर ते दाबलं. तेहतीस वर्षांत फाडलेले सगळे कागद एकदम समोर यावेत तसे काका पडद्याकडे बघत राहिले. मग खाली बसले आणि टेबलाचा खण आवरायला लागले. दोन पेन्सिली, एक खोडरबर, टाइपरायटरचं जुनं कापड. माझ्याकडे न बघता म्हणाले की पत्र कधी मिळेल ते कळलं असतं तर बरं झालं असतं. मामा, मला त्या खोलीत उभं राहवेना.

पत्र तिसऱ्या दिवशी आलं. काकांना काढण्याचं पत्र काकांकडूनच टाइप करून घेण्याएवढे साहेब निबर नाहीत आणि मी नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ते साहेबांनी स्वतः लिहिलं. आम्ही दोघं जेवायला खाली गेलो होतो तेव्हा. वर आलो तर साहेब केबिनमध्ये काहीतरी टाइप करत होते, खिडकीतली खुर्ची सरकलेली होती आणि तिथे चहाचा रिकामा कप होता. मला त्याचा अर्थ लागला नाही, काकांना लागला असावा. ते दाराजवळ बसले, चष्मा पुसला आणि पत्र उघडलं. आता त्यांच्या पडद्यावर सगळंच दिसत होतं, साहेबांच्या पडद्यावर मात्र ते अजून लपलेलंच होतं. काळ्या अक्षरात होतं की कंपनीच्या फेररचनेमुळे आपणांस कार्यमुक्त करण्यात येत असून आपल्या दीर्घ सेवेनंतर कार्यमुक्त होताना आपणांस शुभेच्छा. आणि त्याच्याखाली, खिडकीच्या रंगात, आडव्या रेघेखाली हे होतं:

"काका, हे कसं लिहायचं ते तुम्हालाच विचारायला हवं होतं. बाबा गेले त्या आठवड्यात सगळी पत्रं तुम्ही लिहिलीत आणि मला फक्त सही कुठे करायची ते बोटाने दाखवलंत. डॉक्टरच्या पत्राचा राग नाही. पंख्याचं वाचून लाज वाटली आणि लाजेचा राग आला. तुम्ही गेल्यावर मला या ऑफिसात अरे कोण म्हणणार?"

राग असो नाहीतर काहीही असो, आधी खिडकीत लिहावं, चहा घ्यावा, मग दारात बसावं, हे त्या पोराला लहानपणी काकांनीच शिकवलं होतं. आणि पत्र अर्थातच मूळ पत्रावर लिहिलं होतं, कारण कोरं पान त्यांनाही उघडता येत नाही.

काका उठले. खिशातली पेन्सिल काढली, पत्र छापलं, रंग आणि रेघांसकट, आणि केबिनमध्ये जाऊन साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. मीही दारात जाऊन उभी राहिले. (चोरून ऐकत नव्हते, फाइल ठेवायला गेले होते. फाइल कुठली ते विचारू नका.) काका पेन्सिल टेकवून म्हणाले, "साहेब, दारातलं पत्र कच्चं आहे. 'कार्यमुक्त' दोनदा आलंय. खिडकीतलं चांगलं उतरलंय, एक शब्द बदलू नका." साहेबांनी कागद पाहिला, स्वतःचंच पुसलेलं वाचलं आणि कानापासून मानेपर्यंत लाल झाले. मग कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि विचारलं, "पंखा छताला लावायचा की भिंतीला?"

काका म्हणाले, "भिंतीला लाव. छताचा कागद उडवतो."

तर काका आहेत, पंखा आला आहे, भाड्याचं सॉफ्टवेअर बंद झालं आहे. डॉक्टरांना काकांनी माफीचं पत्र लिहिलं, पहिल्यांदाच थेट दारात बसून, आणि खाली काहीच रेघ मारलेलं नव्हतं. डॉक्टरांचं उत्तर आलं की माफी पोचली, पण थरथरण्याच्या बाबतीत विचार केला असता तुमच्या म्हणण्यात तथ्य आढळतं. आता त्यांनी प्रतीक्षेच्या खोलीत मऊ खुर्च्या ठेवल्या आहेत आणि लिफ्टबद्दल काही म्हणणं नाही. असा सगळा आनंद आहे. मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा, जिने टाळत जा.

तुमची भाची

ता. क. साहेबांनी विचारलं आहे की एखाद्या बुधवारी येऊन तुम्ही आम्हाला कोरं पान कसं उघडतात ते शिकवाल का. काका म्हणतात शिकेन, पण वापरणार नाही.

ता. क. २. आलात की 'खिडकी' आणि 'दार' यांच्यावरची नोंद बंद करून द्या. 'साहेब' नावाच्या संगणकाला मात्र हात लावू नका आणि त्यांना काही सांगूही नका. दर महिन्याच्या शेवटी पगारवाढीच्या अर्जांना ते उत्तरं देतात. आधी खिडकीत काय लिहितात ते आम्हाला कळलेलं बरं.

ता. क. ३. लिफ्टच्या खडखडाटाचं मी वर लिहिलं आहे ते खोटं आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट त्या दिवशी बंद होती, नाहीतर तुम्ही गुडघा धरत पाच मजले कशाला चढला असतात? (लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीची लिफ्ट बंद, हे कुठे बोलू नका.) एक बूट हातात धरून तुम्ही स्वच्छ म्हणाला होतात, "नुसतं लपवलंय गं, बंद केलेलं नाही, लक्षात ठेव." मला नीट ऐकू आलं होतं. मोठी माणसं बोलत असताना मान हलवायची सवय आहे, तशी हलवली आणि विसरले.

ता. क. ४. फोनवर बोललेलं पुसता येत नाही, तिथे तशी सोय नाही, म्हणून हे पत्र फाइलच्या रूपात पाठवते आहे, तेही आमच्याच मूळ पत्रावर. सकाळी खिडकीत बसून सुरुवात केली, मग चहा घेतला, मग दारात येऊन पूर्ण केलं. तेव्हा मामा, मामी स्वयंपाकघरात असताना 'दाखवा' दाबा. (त्या जवळ असतील तर नको, स्वेटरच्या ओळीखालीही थोडं आहे.) सगळ्यात वर, 'तीर्थरूप'च्याही आधी, दोन ओळी दिसतील. मी पहिल्यांदा त्याच लिहिल्या होत्या. रेघ फक्त पद्धत म्हणून मारली आहे. रविवारी फोनजवळ बसते.